नवऱ्याला शून्य अंडी, मुलाला सहा: रोज अंडं खावं की नाही?

चिंचोका

मंडळी, घरात अंड्यावरून रोज सकाळी खडाजंगी चाललीय, म्हणून इथे विचारतेय.

नवरा ४६ वर्षांचा. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, १४८, ट्रायग्लिसराइड १९०, शुगर काठावर. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, "पिवळं बंद करा" म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं. त्याच महिन्यात बारावीतल्या चिरंजीवांनी जिम लावली. ट्रेनरसाहेबांचं फर्मान: रोज सहा अंडी, त्यातली दोन पिवळ्यासकट. म्हणजे एकाच टेबलावर बाप नुसतं पांढरं चघळतोय आणि लेक त्याच्यासमोर हाफ फ्राय हाणतोय. उरलेले पिवळे बलक सोसायटीच्या मांजरीच्या पोटात. सासूबाई स्वतः खात नाहीत, घरात करायला ना नाही, फक्त तवा वेगळा. त्यांचं म्हणणं, अंडं आजारातून उठलेल्याला द्यायचं असतं, धडधाकट माणसाला रोज कशाला?

यूट्यूब बघायचं सोडून दिलं. एक म्हणतो अमृत, दुसरा म्हणतो सिगारेट परवडली. इथे डॉक्टर आहेत, पोल्ट्रीवाले आहेत, आकडेमोडवाले आहेत. निरोगी माणसाने रोज एक आख्खं अंडं खावं का, आणि ज्याचा रिपोर्ट असा आलाय त्याने काय करावं, एवढंच सांगा. शाकाहार-मांसाहार वाद नको, त्याचे जुने धागे पुष्कळ आहेत.

खमंग_काकडी

रोज म्हणजे कुठले वार, ते आधी ठरवा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्येच संकष्टी, एकादशी. आमच्याकडे "रोज अंडं" म्हणजे आठवड्यातून तीन-चार, आणि श्रावणात एकही नाही. एवढ्या अंड्यांनी कोणाचं कोलेस्टेरॉल वाढायचं!

घासफूस

वाचतेय. आमच्याकडेही हाच तमाशा.

नाडीपरीक्षक

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी. माणूस न तपासता औषधपाणी सांगत नाही, पण जनरल बोलायला हरकत नाही.

आधी गैरसमज काढू. आपण खाल्लेलं कोलेस्टेरॉल जसंच्या तसं रक्तात जाऊन बसत नाही. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं. खाण्यातून जास्त आलं की यकृत आपलं काम कमी करतं, आणि आतडंही आलेलं सगळं शोषत नाही. त्यामुळे बहुतेकांचं एलडीएल रोजच्या एका अंड्याने फारसं हलत नाही. काही जणांच्यात मात्र ही यंत्रणा तितकी चोख नसते, त्यांचं वाढतं. तुम्ही त्यातले आहात की नाही हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं, रक्त तपासूनच कळतं.

एलडीएल चढवण्यात मोठा हात संपृक्त चरबीचा, म्हणजे सॅच्युरेटेड फॅटचा. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर असतात, ही चरबी जास्त झाली की त्यांचं काम मंदावतं. एका मोठ्या अंड्यात संपृक्त चरबी साधारण दीड ग्रॅम. एक मोठा चमचा बटरमध्ये सात ग्रॅम. आता भुर्जीच्या गाडीवर उभं राहून बघा. आधी तेल, मग कांदा-मिरची-टोमॅटो, दोन अंडी, वरून बटरची वडी, आणि त्याच तव्यावर पुन्हा बटर फिरवून पाव भाजतो. घरी आलेला माणूस बायकोला सांगतो, "आज अंडी खाल्ली."

आणि ताई, ट्रायग्लिसराइड १९० आणि काठावरची शुगर, या दोन गोष्टी अंड्याने येत नाहीत. त्यांचा संबंध साखर, मैदा, दारू आणि पोटाच्या घेराशी जास्त. यजमान दिवसभरात बाकी काय खातात ते लिहा. अंडं सोडून.

चिंचोका

@नाडीपरीक्षक, लिहिते, पण त्यांना हा धागा दाखवणार नाही.

सकाळी दोन अंड्यांचं पांढरं आणि चहा, चहाबरोबर खारी. ऑफिसात अकराला पुन्हा चहा, क्रीमची बिस्किटं. दुपारचा डबा घरचा. चारला कँटीनमध्ये समोसा किंवा वडापाव, "सगळेच घेतात" म्हणून. रात्री जेवण साडेनऊनंतर, भात हवाच. रविवारी मटण. शुक्रवारी मित्र.

शुक्रवारी मित्र म्हणजे काय ते समजून घ्या.

नाडीपरीक्षक

समजलो. यात तुम्ही फक्त पिवळा बलक बंद केलात, म्हणजे आख्ख्या दिवसातली धड वस्तू तेवढी काढली.

लोखंडी_डंबेल

अंडं नंबर एक प्रोटीन आहे, चर्चाच नको. मी रोज आठ खातो, चार कच्ची दुधातून. एकदम फिट.

नाडीपरीक्षक

@लोखंडी_डंबेल, कच्ची का? शिजवलेल्या अंड्यातलं प्रथिन सुमारे ९० टक्के पचतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. बेल्जियममध्ये १९९८ साली माणसांवरच मोजून बघितलंय. शिवाय कच्च्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, ते बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. शिजवलं की त्याचा जोर जातो. आणि साल्मोनेला या जंतूने एकदा गाठलं तर महिन्याभराची कमाई दोन दिवसांत बाहेर पडेल. उकडून खा की बाबा.

सरासरी

आकडेमोडवाले म्हणून माझ्याकडे बोट दाखवलंय असं समजून लिहितो. लांब होईल.

अंड्याची बदनामी सशापासून सुरू झाली. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव्ह या शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रोहिण्या चरबीने भरल्या. प्रयोग मोलाचा होता, कोलेस्टेरॉल आणि रोहिण्यांचा संबंध तिथून पुढे आला. पण ससा गवत खाणारा प्राणी, त्याच्या ताटात कोलेस्टेरॉल कधी नसतंच, ते हाताळायची त्याच्या शरीराला सवय नाही. पुढे १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत. एका मोठ्या अंड्यात सुमारे १८६ मिलिग्रॅम. तेव्हा दोन अंडी म्हणजे मर्यादा ओलांडलीच. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या दोन पिढ्या याच आकड्यावर वाढल्या. २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेतून ही ३०० ची मर्यादा काढून टाकली. ही बातमी आपल्या दवाखान्यांपर्यंत पोचायला वेळ लागतोय, इतकंच.

आता अभ्यास. १९९९ साली हार्वर्डच्या मंडळींनी सुमारे १,१८,००० परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांची माहिती तपासली. दिवसाला एक अंड्यापर्यंत हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला नाही. फक्त मधुमेह असलेल्यांच्यात वाढलेला दिसला, हे लक्षात ठेवा. २०१८ साली चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांचा अभ्यास आला. तिथे रोज अंडं खाणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू १८ टक्के कमी. झालं, अंडं अमृत! मग २०१९ साली अमेरिकेतल्या २९,६१५ लोकांचा अभ्यास आला: रोजच्या प्रत्येक जादा अर्ध्या अंड्यामागे हृदयविकाराचा धोका ६ टक्क्यांनी जास्त. झालं, अंडं विष! लगेच २०२० मध्ये हार्वर्डचा पुन्हा अभ्यास, दोन लाखांहून जास्त लोक, तीसेक वर्षं: दिवसाला एकापर्यंत काही फरक नाही.

लोक वैतागून म्हणतात, या शास्त्रज्ञांचं एकमत कधी होणार? मला यात वैतागण्यासारखं वाटत नाही. अंडं एकटं कधी पोटात जात नाही. अमेरिकेत जास्त अंडी खाणारा माणूस जास्त लाल मांस खाणारा, वजनाने जास्त असा निघतो, त्याच्या ताटात अंड्याशेजारी बेकन असतं. चीनच्या अभ्यासात रोज अंडं खाणारा माणूस जास्त शिकलेला, जास्त पैसेवाला होता. संख्याशास्त्राने हे बाजूला काढायचा प्रयत्न करतात, पूर्ण निघत नाही. शिवाय २०१९ च्या त्या अभ्यासात लोकांना आहार विचारला तो सुरुवातीला एकदाच, आणि पुढे सतराएक वर्षं त्यांच्या तब्येतीकडे पाहिलं. माझ्या सतरा वर्षांपूर्वीच्या नाश्त्यावरून आजचं माझं हृदय कोणी सांगायला लागलं तर मी ऐकून घेईन, मान डोलावणार नाही.

६ टक्के म्हणजे १०० पैकी सहा जण जास्त आजारी पडले असंही नव्हे. तो सापेक्ष आकडा, म्हणजे मूळ धोका जेवढा त्याच्या ६ टक्के. त्याच अभ्यासात प्रत्यक्ष फरक १०० मागे एकाच्या आसपास होता. बातमीत कुठला आकडा छापतात ते सांगायला नको.

माझं मत विचाराल तर "अंडं चांगलं की वाईट" यात फार काही हाती लागत नाही. अंडं कशाच्या जागी आलं, ते विचारा. साबुदाणा खिचडीच्या जागी आलं तर फायदा, कारण साबुदाण्यात स्टार्च सोडून जवळजवळ काही नसतं. मोड आलेल्या मटकीच्या जागी आलं तर जमाखर्च सारखाच. बटरवाल्या भुर्जीपावच्या रूपाने रात्री साडेदहाला, जेवण झाल्यावर आलं, तर ते कशाच्याच जागी आलेलं नाही.

खमंग_काकडी

+१. शेवटचा परिच्छेद आमच्या ह्यांना वाचून दाखवला. पुढचे दोन तास शांतता.

शंकासूर

हे सगळे अभ्यास अंडीवाल्यांनीच पैसे देऊन करवून घेतलेले असतात. "संडे हो या मंडे" कोणी केलं? अंडी विकणाऱ्यांनीच ना?

सरासरी

अर्धं बरोबर. ती जाहिरात नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीची, म्हणजे कुक्कुटपालकांच्याच संघटनेची. १९८२ सालची संस्था, बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. जाहिरात ही जाहिरात म्हणूनच ऐकायची. संशोधनातही असा पैसा असतो. मधुमेहींना आठवड्याला १२ अंडी देऊन बघणारा सिडनीचा २०१५ चा एक प्रयोग आहे. तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल बिघडलं नाही. त्याला ऑस्ट्रेलियातल्या अंडी उद्योगाचं अनुदान होतं. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण १४० माणसं, तीन महिने, वर हे अनुदान. मी त्यावर फार भार टाकणार नाही. वर सांगितलेले मोठे अभ्यास मात्र बहुतांशी सरकारी संशोधन निधीवरचे आहेत.

खुराड्यावरून

रामराम. सांगली जिल्ह्यात आमचा लेअर पक्ष्यांचा, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांचा धंदा, वडिलांपासून. डॉक्टर आणि सरासरी सर बोलले त्यात आपण पडत नाही, पण अंड्याबद्दल जे काय पसरवत्यात ते वाचून हात शिवशिवतो.

पहिली गोष्ट, हार्मोनचं इंजेक्शन. अहो, शेडमध्ये दहा-दहा हजार पक्षी. रोज एकेकाला धरून सुई टोचायची म्हटलं तर गावातली सगळी माणसं कामाला लावावी लागतील. अंडं जास्त येतं ते जातीमुळं आणि खाद्यामुळं. बीव्ही-३०० ही आपल्याकडची चालती जात, वर्षाला तीनशेच्या पुढं अंडी देते. एकोणीस-वीस आठवड्यांची झाली की चालू होते. खाद्य म्हणजे मका, सोयापेंड, कवचासाठी चुनखडी, आणि जीवनसत्त्व-क्षारांचं मिश्रण. लाईटचे तास बांधलेले असतात.

दुसरी गोष्ट, गावरान. बलक गडद केशरी म्हणजे गावरान, असं शहरातल्या माणसाला वाटतं. बलकाचा रंग कोंबडीनं काय खाल्लं त्यावर. मका जास्त, हिरवा पाला जास्त, झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी खाद्यात घातली तर रंग गडद. कवचाचा रंग जातीवर. तांबडं अंडं पांढऱ्यापेक्षा जास्त ताकदीचं, यात काय तथ्य नाही. बारकी पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकताना मी बाजारात स्वतः बघितलंय. बोट ओलं करून चोळलं की रंग हाताला येतो. खरं गावरान अंडं बारकं असतं, चाळीस ग्रॅमच्या आसपास. चवीला चांगलं लागतं, मीसुद्धा घरात तेच खातो, कारण परसात दहा कोंबड्या फिरत्यात. पण दुप्पट पैसे देऊन दुप्पट प्रोटीन मिळतं म्हणाल, तर नाही.

तिसरी गोष्ट खरी काळजीची, ती कोणी विचारत नाही. औषधं. पक्षी आजारी पडला तर अँटिबायोटिक द्यावं लागतं, आणि दिलं की ठरलेले दिवस ती अंडी बाजारात जाऊ द्यायची नसत्यात. चांगला धंदेवाला पाळतो. सगळेच पाळत्यात असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कोलिस्टिनसारख्या औषधावर सरकारनं २०१९ ला पशुपक्ष्यांत बंदी घातली ती बरोबरच केली.

आणि अंडी आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका. कवचावर पातळ थर असतो, तो धुतला की बाहेरची घाण छिद्रांतून आत जायला मोकळी. फडक्यानं पुसून फ्रिजमध्ये ठेवा, करायच्या वेळेला धुवा.

उगवतीचा_तारा

@खुराड्यावरून, फार छान. ताजं कसं ओळखायचं?

खुराड्यावरून

पाण्यात टाका. आडवं तळाला बसलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं पण खाण्यासारखं. तरंगलं तर टाकून द्या. जसजसे दिवस जात्यात तसतशी आतली हवेची पोकळी वाढते, म्हणून वर येतं.

शंकासूर

आणि प्लास्टिकची चायनीज अंडी?

खुराड्यावरून

मोजक्या रुपयाला अंडं मिळतंय. तेवढ्यात प्लास्टिकचं कवच, आत पडदा, पांढरं, बलक, सगळं बनवून दाखवा. मी उद्या पोल्ट्री बंद करून तुमच्याकडं कामाला येतो.

तुळशीकट्टा

वाद घालायचा नाही, पण शाकाहाऱ्यांची बाजू कोणीतरी मांडायला हवी. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. वाटीभर घट्ट वरण, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे यांतूनही तेवढी मिळतातच, आणि डाळ-शेंगदाण्यातून फायबर मिळतं, जो अंड्यात औषधालाही नाही. क जीवनसत्त्वही नाही. मग अंड्यावाचून अडतं कुठे?

नाडीपरीक्षक

अडत नाही, ज्यांच्या ताटात या तीनही गोष्टी खरोखर पडतात त्यांचं. माझ्या ओपीडीत शाकाहारी माणसाचं ताट म्हणजे दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, पळीभर पातळ वरण. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितलीत. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. त्या ताटात मोजून बघा किती भरतात. शिवाय बी-१२ डाळीत नाही, दुधात आणि अंड्यात आहे. कोलिन हे पोषकद्रव्यही बलकात भरपूर, गरोदरपणात ते लागतं. हे सगळं बलकात बसलेलं असतं, आणि आपण नेमकं तेच मांजरीला घालतो.

तुम्ही अंडं खावं असं मी म्हणत नाही. ताकाचा नुसता वास दाखवण्याऐवजी वाटीभर दही खा, वरण घट्ट करा.

निवृत्त_ड्युटीवर

गांधीजींनी लिहून ठेवलंय की ज्या अंड्यातून पिल्लू निघत नाही असं अंडं दूध पिणाऱ्याने खायला हरकत नसावी. खुराड्यावरून यांच्या शेडमध्ये कोंबडे नसतात, तेव्हा ती सगळी त्यातलीच. आमच्या मातोश्रींना हे सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, गांधींना सांग माझ्या ओट्यावर येऊन कर.

तुळशीकट्टा

हा हा. ओट्यावरचा निकाल अंतिम.

पाटीवरची_शाई

शहरातल्या रिपोर्टांची चर्चा वाचतेय. एक वेगळी बाजू.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आदिवासी भाग. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक दिवस अंडं द्यायचा राज्य सरकारचा निर्णय आला, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी पटावरची हजेरी वेगळीच दिसायची. पहिलीतली मुलं अंडं सोलायला इतका वेळ घ्यायची की घंटा व्हायची. आधी पांढरं कुरतडत गोल गोल खायचं, पिवळा गोळा शेवटी तळहातावर ठेवून मिरवायचा. एक मुलगी तो गोळा दप्तरात कागदात बांधून न्यायची, घरी धाकटा भाऊ होता. मी तिला कधी ओरडले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये आदेश आला, अंड्यासाठी वेगळा निधी बंद, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. आमच्या गावात लोकसहभाग म्हणजे कोण? ज्यांची मुलं ते खात होती तेच. आता खिचडी आहे, आमटी-भात आहे, ते चालू आहे. अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून लहानग्यांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळायची तरतूद आहे, पण सहा वर्षं पूर्ण झाली की मूल त्यातून बाहेर.

रोज अंडं चांगलं का, हा प्रश्न माझ्या वर्गात विचारला तर मुलं उत्तर देणार नाहीत, हात पुढे करतील.

सरासरी

@पाटीवरची_शाई, हे लिहिलंत ते बरं केलंत. २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीत देशात माणशी वर्षाला १०३ अंडी पडतात, म्हणजे आठवड्याला दोन. जपानात तीनशेच्या वर. आपल्या सरासरीत रोज सहा खाणारे जिमवालेही आले आणि महिन्याला एक न मिळणारेही. अमेरिकेतल्या पोटभर खाणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासाचा इशारा या मुलांना लावायचा काही संबंध नाही. वाढत्या वयात, कमी वजनाच्या मुलाला आख्खं अंडं, पिवळ्यासकट, हीच गोष्ट योग्य.

रेडिंगकर

विलायतेतून एक मुद्दा, कारण वर हाफ फ्रायचा उल्लेख आलाय. इथे १९८८ साली साल्मोनेलावरून इतका गदारोळ झाला होता की आरोग्य खात्याच्या एका मंत्रीणबाईंना राजीनामा द्यावा लागला. मग कोंबड्यांना लस टोचायला सुरुवात झाली, अंड्यावर सिंहाचा शिक्का आला, आणि २०१७ पासून त्या शिक्क्याची अंडी गरोदर बायकांनी अर्धकच्ची खाल्ली तरी चालतील असं सरकारी यंत्रणेने सांगितलं. माझी बहीण पुण्यात आहे, सातवा महिना. ती मला म्हणाली, तुमच्याकडे चालतं तर मलाही चालेल. मी म्हटलं, तुझ्या अंड्यावर सिंह आहे का? पूर्ण शिजवून खा.

नाडीपरीक्षक

अगदी. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं, केमो वगैरे चालू असलेले, यांनी बलक घट्ट होईपर्यंत शिजवलेलंच खावं. बाकीच्यांनी हाफ फ्राय ओळखीच्या ठिकाणी, ताज्या अंड्याचं. बलकाभोवती हिरवट कडी दिसली तर घाबरू नका, जास्त उकडलं की लोह आणि गंधकाची ती करामत असते.

उगवतीचा_तारा

मधुमेह असलेल्यांचं काय? आईला अकरा वर्षं आहे, गोळ्या चालू. १९९९ च्या अभ्यासात मधुमेहींना धोका दिसला असं वर लिहिलंय.

नाडीपरीक्षक

दिसला होता, आणि नंतरच्या अभ्यासांत कधी दिसतो कधी नाही. म्हणून मी माझ्या मधुमेही रुग्णांना हात राखून सांगतो: आठवड्याला तीन-चार आख्खी अंडी, बाकीच्या दिवशी हवं तर नुसतं पांढरं. पण अट अशी की आईंचं एलडीएल औषधाने आटोक्यात हवं. मधुमेहात स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी हा अंड्यापेक्षा फार मोठा विषय आहे, आणि लोक व्हॉट्सॅप वाचून गोळी बंद करतात आणि अंड्यावर चर्चा करतात. आईंची चालू आहे ना, ते आज बघा.

ज्यांच्या घरात चाळिशीच्या आत हार्ट अटॅक आलेत, किंवा ज्यांचं एलडीएल १९० च्या वर आहे, त्यांनी हा धागा वाचून काहीच ठरवू नये. अनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार अडीचशे माणसांत एकाला असतो, तिथे पथ्य पुरत नाही, डॉक्टर गाठावा लागतो.

लोखंडी_डंबेल

आणि मुलाच्या सहा अंड्यांचं? चिंचोका ताईंच्या.

नाडीपरीक्षक

दोन आख्खी आणि चार पांढरी मिळून सव्वीसेक ग्रॅम प्रथिनं होतात. पोरगं वाढीचं आहे, व्यायाम करतंय, वाईट काही नाही. पण त्याऐवजी तीन आख्खी, एक वाटी उसळ, एक ग्लास दूध केलं तर पैसेही वाचतील आणि सकाळी संडासलाही नीट होईल. जिममधली पोरं माझ्याकडे प्रोटीनची कमी घेऊन येत नाहीत, बद्धकोष्ठ घेऊन येतात.

चिंचोका

सर्वांचे आभार. काल रात्री घरची बैठक झाली.

मुलगा तीन आख्ख्या अंड्यांवर राजी झाला, उसळीवर तोंड वाकडं आहे. नवऱ्याला रोज एक आख्खं उकडलेलं, वर मीठ-मिरी, बटर नाही. खारी आणि क्रीमची बिस्किटं बंद. समोश्याऐवजी डब्यात भाजलेले चणे. शुक्रवारचे मित्र महिन्यातून एकदा, ही अट त्यांनी घातली की मी, हे नक्की सांगता येत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले तीन महिने एवढं करा, थायरॉइडही तपासू आणि लिपिड पुन्हा करू, मग गोळीचं ठरवू.

एक प्रश्न राहिला. तेल किती लागतं ऑम्लेटला? माझ्या बिडाच्या तव्यावर कमी तेलात चिकटतं.

खुराड्यावरून

तवा नीट तापू द्या, मग एक चहाचा चमचा तेल घालून कांद्याच्या अर्ध्या फोडीनं सगळीकडं चोळा. अंडं फ्रिजमधून काढून लगेच टाकू नका, दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. ओतल्यावर लगेच उलथनं घालायचं नाही. कडा सुटल्या की आपोआप निघतं.

घासफूस

कांद्याची युक्ती आंबोळीलाही चालते. करून बघा.